पन्नास ओहमचा हट्ट

लोणार सरोवराचे पाणी खारे तर आहेच, शिवाय चांगलेच अल्कधर्मी; त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. काचेच्या इलेक्ट्रोडने तो मोजायचा तर २५ अंश सेल्सिअसला सामूच्या एका एककामागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे ७ पासून १० पर्यंत १७७. हे काही फार लहान व्होल्टेज नव्हे. खरी अडचण काचेची आहे. तिचा रोध शंभर मेगओहमच्या घरात असू शकतो. असा इलेक्ट्रोड ऑप-अ‍ॅम्पच्या इव्हॅल्युएशन बोर्डाला जोडताना इनपुटची जोडणी ही मोजणीआधीची किरकोळ तयारी समजली जाते. माझ्या मते मोजणी जमते किंवा फसते ती तिथेच.

वेगवान ऑप-अ‍ॅम्पच्या अनेक बोर्डांवर इनपुटपासून ग्राउंडपर्यंत ५० ओहमचा रेझिस्टर असतो. सिग्नल जनरेटर आणि केबल दोन्ही ५० ओहमची, तेव्हा टोकाला तेवढाच रोध ठेवला की सिग्नल परावर्तित होत नाही. तिथे तो हट्ट रास्त आहे. पण त्याच बोर्डाला आपला इलेक्ट्रोड लावला तर १७७ मिलिव्होल्टांपैकी एका मिलिव्होल्टचा दहाहजारावा भागही पोचत नाही. बरे, तो रेझिस्टर उपटून टाकला म्हणून काम संपत नाही. कॉलेजांच्या प्रयोगशाळांतला जुना सोबती ७४१ बसवला, तर त्याच्या इनपुटमधून वाहणारा सुमारे ८० नॅनोअँपिअरचा बायस करंट शंभर मेगओहमवर ८ व्होल्ट उभे करतो, म्हणजे मोजायच्या व्होल्टेजच्या चाळीसपटीहून जास्त! इथे एक पिकोअँपिअरच्या आसपास बायस करंट असलेला सीमॉस ऑप-अ‍ॅम्पच हवा. त्याची चूक ०.१ मिलिव्होल्टवर थांबते.

यावर कोणी म्हणेल, बाजारात सामूमापक तयार मिळतो, मग हा खटाटोप कशाला? शेतकऱ्याला किंवा पाणी तपासणाऱ्याला तो पुरेल, हे मान्य. पण त्यात हे सगळे निर्णय दुसऱ्या कोणी आधीच घेऊन ठेवले आहेत. शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्याला ते स्वतः घेता आले पाहिजेत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : नवशिक्याला आयती जोडणी असलेला ट्रेनर किटच बरा, नाहीतर तो पहिल्याच तासाला गोंधळेल. पहिल्या तासापुरते हे खरेच आहे. मात्र अख्खे सत्र त्याच किटवर गेले तर इनपुट म्हणजे वायर खोचायचे भोक, एवढीच समजूत पक्की होते. उलट जिथे इनपुटची जोडणी आपणच करायची, असा रिकाम्या पॅड्सचा बोर्ड दर वेळी विचारतो : स्रोताचा रोध किती, बायस करंटला परतीची वाट कुठली?

त्यातही पावसाळ्याची दमट हवा, सोल्डरिंगनंतर न पुसलेला फ्लक्स, बोटांचा घाम. शंभर मेगओहमच्या शेजारी हे सारे वाहकच ठरतात. म्हणून इनपुटच्या पॅडभोवती तांब्याचे कडे काढून ते ऑप-अ‍ॅम्पच्या आउटपुटला जोडतात. युनिटी गेनच्या बफरमध्ये कडे आणि इनपुट यांचे व्होल्टेज जवळपास सारखे राहते, आणि फरकच नसेल तर गळती वाहणार कुठून? त्या कड्याला ग्राउंड देणारा मात्र १७७ मिलिव्होल्टांना गळायला स्वतःच वाट करून देतो.