प्रभुभोजनाचे प्याले

आजचं मनन: स्तोत्र 92, वचनं 12 ते 15



देवाच्या घरात लावलेलं झाड म्हातारपणीही फळ देतं, हिरवंगार राहतं, असं स्तोत्रकर्ता या वचनांत म्हणतो. खरं सांगू? आजवर मी हे वचन आजी-आजोबांच्या वाढदिवसाच्या कार्डावर लिहायचं म्हणूनच वापरलंय. आपण पंचवीस-तिशीतले, आपला काय संबंध!

पण या आठवड्यात ते जरा टोचलं. आमचा रविवार संध्याकाळचा तरुणांचा गट सुरू होऊन दीड वर्ष झालं. सुरुवातीला अकरा जण यायचे. गेल्या रविवारी तिघे होतो, आणि त्यात एक मी, एक माझी बहीण. "सध्या थोडा ब्रेक घेऊ या" असा मेसेज ग्रुपवर टाकायला लिहूनही ठेवलाय. तो पाठवू की नको असं चाललेलं असताना मला मेरीबाई मोफट आठवल्या.

रॉबर्ट मोफट स्कॉटलंडचे, पेशाने माळी. लंडन मिशनरी सोसायटीने 1816 मध्ये त्यांना दक्षिण आफ्रिकेला पाठवलं. इंग्लंडमध्ये ज्या रोपवाटिकेत ते कामाला होते, तिच्या मालकाची मुलगी म्हणजे मेरी स्मिथ. घरच्यांनी लग्नाला आधी साफ नकार दिला होता. शेवटी परवानगी मिळाली, मेरीबाई जहाजाने केप टाऊनला पोचल्या, आणि 27 डिसेंबर 1819 ला लग्न झालं. तिथून बैलगाडीने आत, उत्तरेकडे, कालाहारी वाळवंटाच्या बाजूला. त्स्वाना लोकांमध्ये. पुढे कुरुमान या गावी त्यांनी जवळजवळ सगळं आयुष्य काढलं.

सुरुवातीच्या एका पत्रात मेरीबाईंनी घरच्यांना कळवलं की इथे जमीन शेणाने सारवतात. आधी त्यांना किळस आली. मग लक्षात आलं की धूळ बसते, पिसवा मरतात, आणि मग त्या आठवड्याच्या सारवणाची वाट बघायला लागल्या. माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, एवढं कळायला मडमेला आफ्रिकेला जावं लागलं होय!

हसू येतं, पण पुढची वर्षं हसण्यासारखी नव्हती. रॉबर्टनी चर खणून नदीचं पाणी बागेपर्यंत आणलं, तर गावातल्या बायका वरच्या अंगाला चर फोडून पाणी आपल्या शेतात वळवायच्या. (त्यांची बाजूही आहेच, पाणी मुळात त्यांचं.) दुष्काळ पडला तेव्हा पाऊस तुमच्यामुळेच थांबला, निघून जा, असं सांगायला भाले घेऊन माणसं दारात आली. तेव्हा मेरीबाई कडेवर मूल घेऊन दारातच उभ्या होत्या. गेले नाहीत ते. वर्षामागून वर्ष उपदेश चालू होता आणि विश्वासात कोणी येत नव्हतं.

त्याच काळात इंग्लंडहून एका मैत्रिणीने पत्रातून विचारलं, तुमच्यासाठी काय पाठवू? मी असते तर काय मागितलं असतं? औषधं, कापड, चहा. मेरीबाईंनी मागितले प्रभुभोजनाचे प्याले आणि ताटल्या. लागतील कधीतरी, म्हणाल्या. त्या वेळी त्या मेजाशी बसायला एकही त्स्वाना विश्वासी नव्हता.

पेटी यायला दोनेक वर्षं गेली. 1829 मध्ये पहिल्या सहा जणांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांच्या पहिल्या प्रभुभोजनाच्या अगदी तोंडावर ती पेटी कुरुमानला पोचली.

ही गोष्ट बऱ्याच प्रवचनांत इथेच थांबते. मला तिचा पुढचा, म्हातारपणाचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण प्याले मागवणं ही एका पत्राची गोष्ट आहे. त्यानंतर चाळीस वर्षं तिथेच राहणं ही वेगळी.

रॉबर्टनी सेत्स्वाना भाषेत बायबल आणायचं काम घेतलं. नवा करार 1840 मध्ये छापला गेला. संपूर्ण बायबल 1857 मध्ये पूर्ण झालं, तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. माणूस निर्दोष नव्हता. त्स्वाना लोकांना देवाची काही कल्पनाच नाही असं त्यांनी लिहून ठेवलंय, आणि नंतरच्या अभ्यासकांनी ते खोडून काढलंय. गंमत म्हणजे बायबलमध्ये 'देव' लिहायला त्यांनी शब्द घेतला तो त्या लोकांचाच, मोदिमो.

मग 1862 साल आलं. त्यांची थोरली मुलगी, तिचंही नाव मेरी, डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांची पत्नी, एप्रिलमध्ये झांबेझी नदीकाठी तापाने वारली. त्याच वर्षी थोरला मुलगा रॉबर्टही गेला. तान्ही असताना गेलेली लेकरं वेगळीच. दोघं नवरा-बायको तेव्हा सदुसष्टच्या आसपास. आता परत जाऊ या, असं म्हणायला यापेक्षा मोठं कारण कुठलं? ते आणखी आठ वर्षं राहिले.

मार्च 1870 मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तब्येत साथ देईना म्हणून त्यांनी कुरुमान सोडलं. मला हे वाचताना नेहमी वाटतं, ते 'घरी' गेले असं कसं म्हणायचं? घर तर मागे राहिलं होतं. इंग्लंडला पोचून सहा महिनेही झाले नाहीत आणि 10 जानेवारी 1871 ला मेरीबाई वारल्या. रॉबर्ट तेव्हा जे बोलले ते त्यांच्या चरित्रात आलंय: त्रेपन्न वर्षं ती माझ्यासाठी प्रार्थना करत होती. लग्नाला एक्कावन्नच झाली होती. म्हणजे ते हिशोब धरत होते लग्नाआधीपासूनचा, ती दूर इंग्लंडमध्ये होती आणि घरचे नाही म्हणत होते तेव्हापासूनचा.

त्यानंतर ते बारा वर्षं एकटे जगले. सेत्स्वाना बायबलची सुधारलेली आवृत्ती छापून घेतली, मिशनसाठी ठिकठिकाणी बोलत राहिले. 1838 मध्ये उघडलेलं कुरुमानचं दगडी चर्च आजही उभं आहे.

माझ्या फोनमधला तो मेसेज अजून पुसलेला नाही, खोटं कशाला बोलू. पण एक केलं. जे आठ जण यायचे थांबले, त्यांची नावं वहीत लिहिली. दीड वर्षात त्यांच्यातल्या तिघांसाठी मी एकदाही नाव घेऊन प्रार्थना केलेली नाही, हे लिहितानाच कळलं. गट का आटला याची कारणं मी ट्रॅफिकपासून क्रिकेटपर्यंत सगळीकडे शोधली होती. तुमचाही असा एखादा गट, एखादी रविवारशाळा असेल तर आज तेवढी यादी करून बघा.

प्रार्थना: प्रभू, या रविवारी खुर्च्या अकरा मांडतोय. रिकाम्या राहिल्या तर मला चिडू देऊ नकोस. आणि ती आठ नावं रोज घ्यायची आठवण दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.