खांद्याच्या टोकावर हात

बसा. पाठ सरळ असू द्या, पण ताठ नको. दोन्ही हात मांडीवर सैल सोडा. श्वास जसा येतोय तसा येऊ द्या.

आता उजवा हात उचलून डाव्या खांद्यावर ठेवा. गळ्याजवळच्या आडव्या हाडावरून, कॉलरबोनवरून, बोटे हळूहळू बाहेर न्या. दंडाचा उतार सुरू होण्याआधी कातडीखाली एक चपटे, टणक टोक लागेल. तिथे थांबा.

हे खांद्याच्या पात्याचे टोक. डॉक्टर त्याला अ‍ॅक्रोमियन म्हणतात, आयुर्वेदात ते अंसकूट. पाते पाठीत, दुसऱ्या ते सातव्या बरगडीवर टेकलेले असते. त्याच्या मागच्या बाजूची कण्यासारखी कड चढत चढत बाहेर येते आणि इथे संपते. वयात येताना हे टोक हाडाच्या वेगवेगळ्या तुकड्यांनी घडू लागते. पंचविशीपर्यंत ते एकजीव होतात. काहींच्या खांद्यात एखादा तुकडा जन्मभर वेगळाच राहतो.

बोटे तिथेच असू द्या. मानेकडून आलेला स्नायू इथे येऊन टेकतो, दंडावर उतरणारा इथून निघतो. कॉलरबोनही इथेच येऊन जुळते, आणि साऱ्या हाताचा छातीच्या पिंजऱ्याशी हाडाचा दुवा आहे तो एवढाच. जे जे उचलले, ओढले, कडेवर घेतले, त्यातल्या किती गोष्टींचा भार या टोकाने सोसला असेल? घाई न करता आठवा.

आता टोकाखाली लक्ष न्या. पडवीवर छप्पर असते तसे हे हाड सांध्यावर आहे. मध्ये जागा जेमतेम एक सेंटिमीटर. तेवढ्यातून हात उचलणाऱ्या स्नायूची दोरी जाते आणि ती घासू नये म्हणून एक मऊ, ओलसर पिशवी तिथे असते.

डावा हात बाजूने सावकाश वर न्या. सुरुवातीला दंडच हलतो. मग पाठीतले पातेही फिरू लागते. हात १८० अंश वर जातो तेव्हा साधारण १२० अंश सांध्यातून येतात, ६० पात्याच्या फिरण्यातून. दंड वर येतो तसे हे हाडही कलते, त्याला वाट देते. आधार द्यायचा आणि वेळेवर बाजूलाही व्हायचे, हे एकच हाड दोन्ही करते. यावर दोन श्वास थांबा. मग हात खाली घ्या.

आता हेच टोक भंडारा जिल्ह्यातल्या रोजच्या कामात पाहा. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठावर धिवर, म्हणजे मासेमार, अंग वळवून जाळे फेकतो. त्या एका फेकीत पाते, टोक, दंड सगळे एकदम फिरते. आषाढात बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी चालते. कमरेत वाकलेली बाई एका हातात पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची, जुडी धरते आणि दुसऱ्या हाताने धान रोवत जाते; लोंबत्या हातांचा भार दिवसभर खांद्यावर. तुमसरपासून लाखांदूरपर्यंत अंगणवाडीत बाळाचा दंडघेर मोजतात. खांद्याचे टोक आणि कोपराचे टोक शोधायचे, मधोमध खूण करायची, डाव्या दंडाभोवती पट्टी गुंडाळायची. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित. बाळाला लगेच उपचार मिळावेत म्हणून जे माप घ्यायचे, त्याची सुरुवात या हाडापासून होते.

पुन्हा टोकावर बोट ठेवा आणि घरातल्या एका कष्टकरी माणसाला मनात आणा. रोवणी संपवून आलेली आई, वहिनी, किंवा पोती वाहणारा भाऊ. ‘खांदा भरून आला’ असे ते म्हणतात आणि आपण ऐकून सोडून देतो. हात बाजूने वर नेताना ६० ते १२० अंशांच्या दरम्यान कळ येत असेल, तर त्या सेंटिमीटरभर जागेत काहीतरी चेपले जात असण्याची शक्यता असते. ते दुखणे खरे असते. त्याला आळस म्हणू नये.

मनन इथे थांबवा आणि उठा. त्या माणसाला हात वर करायला सांगा. कळ आली तर उद्याचे ओझे दुसऱ्या कुणी उचलायचे, हे आजच ठरवा, आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.