दरपत्रकाची नीति

स्वतंत्रपणें संकेतस्थळें रचून देणारा कारागीर दरपत्रक पुढें ठेवतो, तेव्हां ग्राहक बहुधा विचारतो कीं, चार दिवसांच्या कामाला एवढे पैसे कशाचे? हा प्रश्न कद्रूपणाचा समजून त्याची हेटाळणी करण्याची रीत आम्हांस पसंत नाहीं. ज्याला कामाचें अंतरंग दिसत नाहीं, त्यानें दिवस नाहीं तर काय मोजावें?

१८७८ सालीं व्हिस्लर या चित्रकारानें टीकाकार रस्किनवर लावलेल्या अब्रुनुकसानीच्या दाव्यांत हाच प्रश्न निघाला होता. दोन दिवसांच्या श्रमाला २०० गिनी कशा, असें विचारतां, आपण त्या जन्मभराच्या ज्ञानाबद्दल मागतों, असें त्यानें सांगितलें. निकाल त्याच्या बाजूनें लागला; भरपाई मात्र एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी!

तासांवर दर बांधला तर निष्णात मनुष्य काम लवकर उरकून कमी मिळवील आणि नवशिका रेंगाळून अधिक. हें उघड अन्याय्य होय. तथापि जन्मभराच्या ज्ञानानें कोणत्याहि आंकड्याचें समर्थन करतां येतें, आणि तेथेंच आमची शंका आहे. चित्र घेणारा निदान चित्र पाहून घेतो. संकेतस्थळाचा ग्राहक अद्याप नसलेल्या वस्तूचें मोल मान्य करतो. म्हणून पानें किती, दुरुस्त्या किती वेळां, मजकूर कोणीं पुरवावयाचा, डोमेन व होस्टिंगचा वार्षिक खर्च कोणाच्या माथीं, आणि कोणतें काम यांत धरलेलें नाहीं, हें आधीं लिहून देणें ही मेहेरबानी नव्हे. इतकें करूनहि ग्राहक घासाघीस करील. तेव्हां काम कमी करून आंकडा उतरवावा. तेवढ्याच कामाचा आंकडा निम्म्यावर आला, तर पहिला आंकडा कशाचा होता, हें विचारण्याचा ग्राहकास अधिकार आहे.