हात बांधण्याआधी

नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचाराची ओपीडी आहे आणि त्याच आवारात शासकीय दंत महाविद्यालयही आहे. पण बोलता न येणारं, स्वतःच्या गालावर बुक्के मारून घेणारं चौदा वर्षांचं पोरगं घेऊन आलेल्या आईला एका दारातून दुसऱ्या दारात कोणी पाठवेलच, असं नाही. मुलगा स्वमग्न आहे किंवा बौद्धिक दिव्यांग आहे, म्हणजे हा वागण्याचा प्रश्न आहे, आणि वागण्याचा प्रश्न मानसोपचाराचा, हे आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं. गालावरच्या बुक्क्यामागे किडलेली दाढ असू शकते. डोक्याच्या एकाच बाजूला मार बसत असेल तर कानात पू झालेला असू शकतो. कित्येक दिवस साफ न झालेलं पोट, घशाशी येणारी जळजळ, अपुरी झोप, मुलींच्या पाळीच्या दिवसांतल्या वेदना, यांतलं काहीही त्या हातामागे असू शकतं. वैद्यकाला यात नवं काही नाही. तरीही दिव्यांगत्वाचं निदान एकदा फाईलवर चढलं की पुढची प्रत्येक तक्रार त्याच निदानाच्या नावावर जमा होते आणि दुखणाऱ्या दाढेवर मेंदूचं औषध सुरू होतं.

डोकं आपटणं, हात चावणं, डोळ्यांत बोटं घालणं, जखम भरू न देणं हे पाहवत नाही. म्हणून घरात, शाळेत, दवाखान्यात पहिला प्रश्न येतो तो हे थांबवायचं कसं. तो प्रश्न दुसरा असायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. हे कशासाठी चाललंय, हा पहिला. त्याचं उत्तर शोधणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि तोच आपल्याकडे सर्वांत कमी होतो.

उत्तर शोधता येतं, हे कळून चाळीसहून अधिक वर्षं झाली. अमेरिकेत एडवर्ड कार यांनी १९७७ मध्ये स्वतःला इजा करण्यामागच्या संभाव्य कारणांची मांडणी केली. १९८२ मध्ये ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ जणांना वेगवेगळ्या परिस्थितींत पंधरा-पंधरा मिनिटं ठेवून निरीक्षण केलं. कधी काम सांगितलं, कधी मारून घेतल्यावरच जवळ जाऊन काळजीने बोललं, कधी एकटं सोडलं, कधी मागण्या न करता खेळू दिलं. बहुतेकांचं मारून घेणं ठरावीक परिस्थितीतच वाढलं. वरून सारखी दिसणारी कृती प्रत्येकासाठी वेगळं काम करत होती. त्याच गटाने १९९४ मध्ये १५२ जणांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ३८ टक्के लोकांच्या बाबतीत मारून घेतल्याने नको असलेल्या कामातून किंवा प्रसंगातून सुटका होत होती. सुमारे २६ टक्क्यांना त्यातून माणसांचं लक्ष किंवा हवी ती वस्तू मिळत होती. जवळपास तितक्याच लोकांमध्ये भोवतालच्या माणसांचा संबंधच नव्हता, जे काही मिळत होतं ते स्वतःच्या शरीरातूनच.

‘लक्ष वेधून घ्यायला करतो’ हे वाक्य शेजारणीपासून डॉक्टरांपर्यंत सगळे किती सहज बोलतात! ते बहुसंख्यांच्या बाबतीत चूक ठरतं, आणि त्याच्यामागोमाग येणारा ‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला तर धोक्याचा आहे. कामातून सुटण्यासाठी डोकं आपटणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष करून त्याला एकटं सोडलं, तर त्याला हवं तेच मिळालं. ज्याला खरोखर लक्षच हवं आहे त्याचंही आपटणं, लक्ष अचानक काढून घेतलं तर, कमी होण्याआधी बहुधा वाढतं. फरशीवर आपटणाऱ्या डोक्याच्या बाबतीत ती वाढ बघत बसायला कोणत्या आईला सांगायचं? त्याऐवजी तेच काम करणारा दुसरा मार्ग शिकवायचा, हे कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं. अवघड वाटलं की मदत मागायची, कौतुक हवं असेल तर आपलं काम दाखवायचं, एवढं शिकवल्यावर त्या मुलांचं त्रासदायक वागणं उतरलं. शब्द नसलेल्याला चित्राचं कार्ड देता येतं, हाताची खूण शिकवता येते. मात्र त्याने खूण केली की पहिल्या वेळेपासून ती मानावी लागते.

आपल्याकडेही साधनं नाहीत असं नाही. सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेतल्या रीता पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांनी १९९२ मध्ये भारतीय मुलांसाठी तयार केलेल्या मोजपट्टीत समस्यात्मक वर्तनाचे दहा विभाग आहेत, आणि स्वतःला इजा हा त्यांतला एक. घटनेच्या आधी काय झालं, मग काय केलं, त्यानंतर काय मिळालं, ही नोंद कशी ठेवायची हे विशेष शिक्षकांना शिकवलं जातं. अडचण वही भरण्याची आहे. वीस-पंचवीस वेळा मारून घेणाऱ्या मुलाचे हात धरायचे की वही लिहायची? हे काम आईवर ढकललं जातं, आणि वही कोरी राहिली की ‘पालक सहकार्य करत नाहीत’ हा शेरा मिळतो. तो शेरा अन्यायाचा आहे.

नोंदी नागपुरातल्या हव्यात, हेही महत्त्वाचं. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशीला टेकतो. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे दिवसाची घडी जवळजवळ दोन महिने मोडलेली. बंद खोलीत दिवसभर कूलरची घरघर, वीज गेली की ती एकदम बंद आणि घाम. आवाज आणि स्पर्श सहन न होणाऱ्यासाठी यातली प्रत्येक गोष्ट ठिणगी ठरू शकते. डोकं सांभाळायला दिलेलं जाड अस्तराचं हेल्मेटही या उकाड्यात टाळूला घामोळं आणतं, मग तेच ओरबाडणं सुरू होतं. पोळ्यानंतरच्या मारबतीची वाजतगाजत निघणारी मिरवणूक कुणाला हवीहवीशी, कुणाला असह्य. परक्या शहराची यादी इथे जशीच्या तशी चालणार नाही.

सगळंच मारून घेणं हे मागणं किंवा सांगणं असतं, असा माझा दावा नाही. मायकेल लेश आणि विल्यम नायहन यांनी १९६४ मध्ये वर्णन केलेल्या आनुवंशिक आजारात मुलं ओठ आणि बोटं चावून तोडतात. त्यांना वेदना कळतात, स्वतःला आवरता मात्र येत नाही. त्यांतली अनेक मुलं हात मऊ पट्ट्याने बांधलेले असले की शांत असतात, सोडले की घाबरतात. अशा मुलाचं बंधन हे त्याच्या संरक्षणाचं साधन असतं. दिवसभर खाटेला बांधून ठेवलेल्या दुसऱ्या मुलाचं बंधन तसं नसतं. कारण माहीत असेल तरच हा फरक करता येतो. कारणाऐवजी फक्त थांबवण्याला महत्त्व दिलं की माणूस कुठवर जातो हे मॅसॅच्युसेट्समधल्या जज रोटेनबर्ग सेंटर या दिव्यांगांच्या निवासी केंद्राने दाखवलं. तिथे अंगावर बसवलेल्या यंत्रातून विजेचे झटके दिले जात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्यावर बंदी घातली आणि २०२१ मध्ये न्यायालयाने ती उठवली.

औषधांना माझा विरोध नाही. रिस्पेरिडोनला अमेरिकेत २००६ मध्ये स्वमग्न मुलांच्या चिडचिडीसाठी मान्यता मिळाली. स्वतःला इजा करणंही त्यात धरलेलं आहे. काही घरांना त्याने श्वास घेऊ दिला. पण त्याने वजन वाढतं, सुस्ती येते, आणि दाढ तशीच दुखत राहते. बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या आक्रमकतेवर २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ८६ जणांच्या चाचणीत दोन नेहमीची औषधं औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. ती चाचणी आक्रमकतेची होती, स्वतःला मारून घेण्याची नव्हे. तरी वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी पुढे चालवताना ही चाचणी आठवायला हवी.

कायद्यातही ही माणसं फटीत सापडतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक दिव्यांगत्व वगळलं, ते योग्यच. त्याच कायद्याने मानसिक आरोग्य संस्थांमध्ये साखळीने बांधायला मनाई केली आणि शारीरिक बंधनावर कडक अटी घातल्या. घराच्या खाटेपर्यंत त्या अटी पोहोचत नाहीत. अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृहही सुटतं. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर, ज्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, बेवारस दिव्यांग मुलांना अठरानंतरही त्याच घरी राहू देणारा कायदा मागत आले आहेत. स्वतःला मारून घेणाऱ्या तिशीतल्या माणसासाठी ही मागणी आणखी निकडीची आहे. त्याच्या खुणा ओळखणारी माणसं बदलली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून मागणी नेमकी असावी. मेडिकलमध्ये आठवड्यातून एक दिवस मानसोपचार, दंत, कान-नाक-घसा आणि पोटाचे डॉक्टर एकाच दालनात बसावेत. जो तोंड उघडू देत नाही त्याचे दात भूल देऊन तपासण्याची तारीख त्याच दिवशी मिळावी आणि त्याच भुलीत कानही पाहिले जावेत. घरी आणि शाळेत जाऊन नोंदवही भरणारा प्रशिक्षित माणूस पगारावर असावा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे, त्याचा अर्ज तिथल्याच खिडकीवर भरून घ्यावा. या दालनाला वयाची अट नसावी. आणि नवी गोळी लिहिण्याआधी कागदावर एक रकाना असावा: दात, कान, पोट आणि झोप पाहिली का, कोणी पाहिली आणि कोणत्या तारखेला.