नाबोथाचें रक्त आणि आमचें कर्तव्य

लासलगांव येथील मंडळीकरितां उपदेश
शास्त्रपाठ : १ राजे २१:१-१९, योहान ८:१-११



नाबोथाची गोष्ट निफाड तालुक्यांतील माणसास फोड करून सांगावी लागत नाहीं. द्राक्षमळा म्हणजे काय, आणि वाडवडिलांची जमीन हातची जाणें म्हणजे काय, हें येथील लहान मूलही जाणतें. अहाब राजास तो मळा हवा होता. नाबोथानें तो देण्याचें नाकारिलें. तेव्हां ईजबेल राणीनें काय केलें? तिनें रात्रीं मारेकरी पाठविले नाहींत. तिनें पत्रें लिहिलीं, त्यांवर राजाची मोहोर केली, गांवचे वडील बसविले, आणि नियमशास्त्राप्रमाणें दोन साक्षीदारही उभे करविले. बाहेरून पाहतां न्यायाची सर्व रीत पाळली गेली. तरी एक निर्दोष मनुष्य गांवाबाहेर दगडांखालीं मेला. मागाहून एलीया संदेष्टा आला व त्यानें सत्य उघड केलें; परंतु नाबोथ उठून घरीं आला नाहीं.

ही जुन्या कराराच्या काळचीच गोष्ट आहे, असें कोणी समजूं नये. जालना जिल्ह्यांत भोकरदनजवळ सन २००३ च्या जून महिन्यांत एका गरीब कुटुंबावर रात्रीं दरोडा पडला. पांच जीव गेले व स्त्रियांवर घोर अत्याचार झाला. त्या अपराधाकरितां भटक्या जमातीच्या सहा जणांस धरण्यांत आलें. खालच्या कोर्टानें २००६ सालीं सहाही जणांस फांशी सांगितली. २००७ सालीं हायकोर्टानें तिघांची फांशी जन्मठेपेवर आणिली. आणि २००९ सालीं सुप्रीम कोर्टानें पुन्हां सहाही जणांस फांशी ठरविली. पुढें त्याच कोर्टानें प्रकरण नव्यानें ऐकिलें व ५ मार्च २०१९ रोजीं सहाही जणांस निर्दोष सोडिलें. वांचलेल्या साक्षीदार स्त्रीनें पोलिसांच्या छायाचित्रांतून आरंभींच चार निराळे इसम ओळखिले होते, व त्यांचा तपास झालाच नव्हता, हें तेव्हां न्यायाधीशांच्या दृष्टीस आलें. प्रत्येकास पांच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम झाला. परंतु तुरुंगांत गेलेलीं सुमारें सोळा वर्षें कोण परत देणार? आणि मध्यंतरीं फांशी दिली गेली असती, तर ते पांच लाख कोणाच्या हातीं ठेवावयाचे होते?

आपल्या बाजारांत कांद्याच्या वजनांत चूक निघाली तर गाडी पुन्हां कांट्यावर घालितां येते. मनुष्याचा जीव एकदां घेतल्यावर दुसरें वजन नाहीं.

कोणी म्हणेल, “मारल्या गेलेल्यांच्या रक्ताचें काय?” हा प्रश्न खरा आहे, व तो टाळणारा उपदेशक ऐकण्यास योग्य नव्हे. हाबेलाचें रक्त भूमींतून ओरडत होतें, आणि देवानें तें ऐकिलें. त्यानें काइनास दंड केला, घरादारास पारखें केलें. परंतु कोणी त्याचा जीव घेऊं नये म्हणून त्याजवर खूणही ठेविली. दुसरा म्हणेल, “रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायांत अधिकाऱ्याच्या हातीं तरवार आहे.” आहे; आणि अधिकाऱ्यास मान देणें आपलें कर्तव्यच आहे. परंतु दुष्टास आवरून निर्बळांचें रक्षण करणें हें त्या अधिकाराचें काम जन्मठेपेनेंही साधतें. ज्या स्त्रीस धोंडमार करावयास लोक उभे होते, तिचें पाप प्रभूनें लहान म्हटलें नाहीं; तरी दगड मात्र हातांतून गळून पडले. तो स्वतः खोट्या साक्षीवरून वधस्तंभीं गेला, आणि तेथेंही शेजारच्या अपराध्यास त्यानें जवळ केलें.

२३ जानेवारी १९९९ च्या पहांटे ओडिशांतील मनोहरपूर येथें मिशनरी ग्रॅहम स्टेन्स व त्यांचे दोन लहान मुलगे जाळले गेले. त्यांची पत्नी ग्लॅडिस बाई हिनें मारेकऱ्यांस क्षमा केल्याचें जाहीर सांगितलें आणि कुष्ठरोग्यांची सेवा पुढें चालविली. मुख्य आरोपीची फांशी २००५ सालीं तेथील हायकोर्टानें जन्मठेपेवर आणिली. क्षमा म्हणजे गुन्हा पुसणें नव्हे. सूडास आपल्या घरांत जागा न देणें होय.

तर मंडळीनें काय करावें? प्रथम, ज्या घरचें माणूस मारलें गेलें त्या घरीं जावें. तेथें न जातां दयेच्या गोष्टी बोलणें ढोंग होय. दुसरें, उपदेशकांनीं प्रार्थनासभेंत दोन्ही घरांकरितां प्रार्थना करावी, आणि आरोपीच्या बायकामुलांस कोणी वाळींत टाकूं नये असें स्पष्ट सांगावें. तिसरें, कोठडींत असलेल्या प्रत्येकास १९८७ च्या कायद्यानें फुकट वकील मिळतो. जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे नातलगांस घेऊन जाणारा एक शिकलेला भाऊ प्रत्येक मंडळींत असावा. चौथें, १ जुलै २०२४ पासून चालूं झालेल्या नव्या संहितेप्रमाणें, अपील फेटाळल्याची खबर तुरुंगाधिकाऱ्यानें दिल्यापासून तीस दिवसांच्या आंत दयेचा अर्ज करावा लागतो, आणि तो कैद्यानें, त्याच्या वारसानें किंवा नातलगानेंच करावयाचा आहे. निरक्षर म्हाताऱ्या आईस हें कोण सांगणार? तिच्या दारीं त्या तीस दिवसांत कोणी गेलेंच नाहीं, तर आपल्या मोठमोठ्या सभा व्यर्थ होत.

पांचवें, ही शिक्षाच कायद्यांतून जावी म्हणून इतर धर्मांच्या शेजाऱ्यांसह, न्यायाधीशांचा अपमान न करितां, आमदार-खासदारांकडे अर्ज करावे. हें कांहीं परदेशीं मत नव्हे. ज्यांनीं आपल्या शेजारच्या येवल्यास १९३५ सालीं धर्मांतराची घोषणा केली, त्या डॉ. आंबेडकरांनींही ३ जून १९४९ रोजीं घटना समितींत फांशीची शिक्षाच रद्द करण्याकडे आपला कल सांगितला होता.

बंधूंनो, इज्रेल गांवच्या वडिलांनीं पत्र वाचिलें आणि मुकाट्यानें तसेंच केलें. त्यांपैकीं एकानें उठून “थांबा, पुन्हां चौकशी करूं” असें म्हटलें असतें तर? तें एक वाक्य बोलण्याचें धैर्य प्रभु आपल्या मंडळीस देवो. आमेन.