कुठं आपटली?

शिर्डीत आरती उरकली की भाविकांना शनिशिंगणापूर गाठायची घाई होते. बाभळेश्वर, कोल्हार, राहुरी आणि तिथून उंबरे-सोनई करत शिंगणापूर, असं सत्तरेक किलोमीटर. या वाटेवर सात सीटच्या गाड्या दिवसभर पळत असतात. राहुरीच्या एका पोरानं याच धंद्यासाठी मामाची गाडी घेतली. पोरगा मामाच्याच घरी वाढलेला, म्हणून गाव त्याला भाचा म्हणतं. आपणही तेच म्हणू. दिवाळीत व्यवहार झाला. निम्मे पैसे रोख, उरलेले हप्त्यानं. घरातलाच मामला, त्यामुळे कुणी कुणाला फार विचारलं नाही.

गाडी पहिल्यापासून जरा अवखळ होती. ऐंशीच्या पुढं काटा गेला की स्टिअरिंगला नुसता हात लागला तरी नाक वळायचं. उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करायला उजवीकडं काढली की मागचा भाग आधी रेंगाळायचा आणि मग झटक्यात बाहेर फेकल्यासारखा यायचा. भाच्याला वाटलं, लांब गाडी आहे, असंच असेल. सवय झाली की माणूस दोषाला स्वभाव म्हणायला लागतो, मग ती गाडी असो की माणूस.

पावसाळ्यात कोल्हारच्या अलीकडं खड्डा पाण्यानं भरलेला होता. नगर-मनमाड रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल या जिल्ह्यात कुणाला नव्यानं काही सांगायला नको. पुढचं चाक असं आदळलं की टायर जागेवर गेला. भाच्यानं पुढं दोन नवे टायर टाकले आणि मामाला काही सांगितलं नाही. हप्ते बाकी होते. गाडी जपत नाही, असं ऐकून घ्यायची त्याची तयारी नव्हती.

नव्या टायरवर गाडी जास्तच बिथरली.

मग सुरू झाली वारी. टायरवाला म्हणाला, हवा कमी पडतेय, चाळीस ठेव, मायलेजही येईल. अलाइनमेंटवाल्यानं पुढच्या दोन चाकांना सेन्सर लावले, स्क्रीनवरचे लाल आकडे हिरवे केले, स्टिअरिंग मध्यावर आणून प्रिंट हातात दिली. गाडी रस्त्यावर आली आणि सरळ जाताना स्टिअरिंग पुन्हा डावीकडं झुकलेलं. परत गेला, परत हिरवे आकडे, परत तेच. तिसऱ्या गॅरेजात मागचे दोन्ही शॉकअप बदलले गेले. ते खरंच थकलेले होते, त्यामुळे गाडी डोलायची थांबली, पण फेकायची थांबली नाही. यातला कुणी लबाड नव्हता. ज्याच्याकडं जे यंत्र, त्यानं तेवढंच पाहिलं. भाचाही प्रत्येकाला एवढंच सांगायचा, ‘गाडी नाचते.’

एकदा नगरकडं भाडं घेऊन जाताना विळद घाटात, भुरभुर पावसात, उजव्या वळणावर समोरून एसटी आली. भाच्यानं स्टिअरिंगला किंचित हात दिला आणि गाडीनं मागं असा झोला खाल्ला की सातही माणसं एका अंगाला आली. काही लागलं नाही कुणाला. मागच्या सीटवरच्या आजी मात्र नगरला उतरल्या आणि उरलेला प्रवास बसनं करीन म्हणाल्या. पैसे पूर्ण दिले त्यांनी. भाच्याला ते पैसे टोचले. त्याच दिवशी त्यानं कुणाला तरी विचारलं आणि दुसऱ्या दिवशी, ऊन पडल्यावर, नगरला लागून असलेल्या भिंगारची वाट धरली.

नगर शहराला वाहनांचं जुनं वेड आहे, तेही लष्करी. वाहननगरला डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. तिथल्या चाचणीच्या रस्त्यांवर गाड्या मुद्दाम आदळून, तिरक्या करून पाहिल्या जातात. चिलखती दळाचं केंद्र आणि प्रशिक्षण शाळा इथंच, आणि 1994 सालापासूनचं रणगाडा संग्रहालयही इथंच. साहजिकच लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले हात भिंगारच्या गल्ल्यांत सापडतात. त्यातल्या एकाला सगळे हवालदार म्हणतात. शेड पत्र्याची, यंत्र एकही नाही. एक जॅक, दोन घोड्या, पान्यांचा डबा, एक टॉमी आणि खिळ्याला लटकवलेला सुतळीचा गुंडा.

हवालदारांनी बॉनेट उघडलं नाही. विचारलं, “कुठं आपटली?”

“कुठंच नाही, काका.”

“बरं. नाचते कधी? सरळ जाताना, ब्रेकला, की वळताना?”

“ओव्हरटेकला. वळणावर.”

“डाव्या की उजव्या?”

हे भाच्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं डोळे मिटून विळद घाट आठवला, उसाच्या ट्रॉल्या आठवल्या. “उजवीकडं जाताना, काका. डावीकडं एवढी नाही.”

हवालदारांनी मान हलवली आणि हवा मोजायचं गेज काढलं. गाडी उन्हात पळून आलेली होती. टायर तापले की हवेचा आकडा चढतो, म्हणून त्यांनी तासभर तिला सावलीत उभी केली, भाच्याला चहा पाजला. गार टायरला मोजली तर चाळीस. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा कंपनीचा स्टिकर भाच्यानं कधी वाचला नव्हता. त्यावर तेहतीस लिहिलेलं. “जास्त हवेनं टायर फुगतो, रस्त्याला मधला पट्टाच लागतो. गाडी हलकी होते, टणटण उडते. पण तेवढ्यानं एकाच बाजूला फेकणार नाही.” हवा तेहतीसवर आली. अलाइनमेंटची प्रिंट भाच्यानं पुढं केली, ती त्यांनी घडी घालून परत दिली. “हे शेवटचं काम. आधी हवा, मग टायर, मग सांधे. ढिल्या सांध्यावर केलेलं अलाइनमेंट पहिल्या गतिरोधकापर्यंत टिकतं.”

मग त्यांनी एक बादली पाणी शेडसमोरच्या डांबरावर ओतलं आणि भाच्याला त्या ओल्यावरून गाडी हळू, अगदी नाकासमोर न्यायला सांगितली. पलीकडं कोरड्या डांबरावर चार चाकांचे ओले पट्टे उमटले. हवालदार उकिडवे बसले. उजवीकडं मागच्या चाकाचा पट्टा पुढच्याच्या आत पडला होता, डावीकडं तो बोटभर बाहेर आला होता. “दोन्हीकडं सारखाच आत किंवा सारखाच बाहेर असता तर मी बोललो नसतो. बऱ्याच गाड्यांची मागची रुंदी पुढच्यापेक्षा वेगळी असते. ही गाडी तोंड एकीकडं आणि चाल दुसरीकडं ठेवून जातेय. दोष तुझ्या हातात स्टिअरिंगमधून येतो, म्हणून सगळे पुढंच बघत बसले.”

भाचा त्या ओल्या पट्ट्यांकडं बघत राहिला. ऊन होतं, ते बघता बघता वाळले.

मागचं डावं चाक जॅकवर गेलं. हवालदारांनी टायरवर तळवा ठेवला आणि आतून बाहेर फिरवला. गुळगुळीत. मग बाहेरून आत आणला, तर प्रत्येक नक्षीची कड बोटांना करवतीसारखी लागली. “लाव हात.” भाच्यानं लावला. उभ्यानं कधी दिसत नाही ती आतली कड तर जवळजवळ सपाट झालेली. “टायर सरळ लोळत नाहीये. तोंड बाहेर काढून घासत चाललाय.” मग टॉमी घालून त्यांनी बुश, आर्म, टायरॉडचे एंड असा एकेक सांधा हलवून पाहिला. प्ले कुठंच नव्हता. गाडी खाली घेऊन तिच्या दोन्ही अंगांना घोड्यांच्या आधारानं सुतळी ताणली, हबपासून मोजून समांतर केली आणि स्टीलच्या पट्टीनं रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून सुतळीपर्यंतचं अंतर घेतलं. उजवीकडं एक मिलिमीटरचा फरक, आतल्या बाजूला. डावीकडं पाच, बाहेर.

“उजवीकडं वळलास की गाडीचं वजन डाव्या चाकावर येतं. ते आधीच डावीकडं तोंड करून बसलंय. ते तुझी मागची बाजू ओढून नेतं आणि नाक तुला नको तेवढं वळतं. पुढं नवे टायर, मागं झिजलेले. पुढच्यांची पकड वाढली, मागच्यांची आहे तेवढीच. म्हणून नवे टाकल्यावर जास्त नाचली. नवे टायर दोनच घेणार असशील तर ते मागं लावायचे, पोरा. पुढचं सुटलं तर निदान हाताला कळतं. मागचं सुटलं की गाडी गरकन फिरते.”

हे ऐकून पुष्कळांच्या भुवया वर जातात. आपल्याकडं नवे टायर पुढं ही जवळजवळ श्रद्धाच आहे. टायर बनवणाऱ्या कंपन्या मात्र हवालदारांच्याच बाजूच्या आहेत.

आता भाच्याच्यानं राहवेना. “काका, खोटं बोललो. कोल्हारला खड्ड्यात आदळलीय. पुढचं डावं चाक. मामाला सांगितलं नाही.”

हवालदार हसले नाहीत, रागावलेही नाहीत. टॉर्च मारून त्यांनी चाकामागची जागा दाखवली. हब ज्या स्टबवर बसतो तो स्टब मागच्या आडव्या बीमला बोल्टनं आवळलेला असतो. तोच किंचित वाकला होता. वाकलेल्या जागी रंग तडकलेला, तड्यात गंज, गंजावर चिखलाचा वाळलेला थर. “हा गंज या पावसाळ्यातला नाही. आणि खड्ड्याचा मार पुढून येतो, चाकाला मागं ढकलतो. इथं चाकाची मागची बाजू आत दाबलीय. गाडी मागं येत होती, तिरकी, आणि दगडाला लागली. रिमवर ओरखडाही आहे. हे तू नाही केलंस.”

भाच्याला हलकं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही. इतके दिवस तो स्वतःच्या लपवाछपवीला घाबरत गाडी चालवत होता आणि दुसऱ्याचीही लपवाछपवी त्याच गाडीत बसून फिरत होती. शिंगणापूरचे भाविक तर होतेच.

संध्याकाळी मामा ओट्यावर सुपारी कातरत होते. भाच्यानं खड्ड्यापासून सुरुवात केली, स्वतःचं आधी सांगितलं, मग स्टबचं. मामांचा अडकित्ता थांबला.

“करंजी घाटात,” ते म्हणाले. “मोहटादेवीहून येताना. गाडी भरलेली. लघवीला उतरलो, हँडब्रेक अर्धाच ओढला होता. तिरकी मागं गेली आणि कठड्याला टेकली. तुझी मामी आत होती.” थोड्या वेळानं म्हणाले, “वीस हजार कमी घेतले तुझ्याकडून. का घेतले, विचारलंस का?”

“मामा, वीस हजार कमी दिल्यानं गाडी सरळ चालत नाही.”

“तुला वाईट वाटंल म्हणून नाही सांगितलं.”

“मीही त्याच्यासाठीच नव्हतं सांगितलं.”

मामी आतून म्हणाल्या, “मी त्या दिवशीच म्हणाले होते, दाखवून आणा कुठंतरी.” यावर दोघांकडंही उत्तर नव्हतं.

स्टब बदलला, त्याच्यासोबत बेअरिंगही. नवे टायर मागं गेले. मग चारही चाकांना सेन्सर लावणाऱ्या दुकानात अलाइनमेंट झालं. आधी मागचं पाहिलं, त्याला धरून पुढचं. स्टिअरिंग मध्यावर आलं आणि रस्त्यावरही मध्यावरच राहिलं. शॉकअप, टायरवाल्याच्या फेऱ्या, दोन अलाइनमेंट, या सगळ्यापेक्षा स्टबचं बिल कमी होतं. मामांनी एक हप्ता सोडून दिला, भाच्यानं तो तरीही दिला, आणि त्यावरून दोघांचं थोडं वाजलंच.

पुढं मामांनी स्वतःसाठी दुसरी एक जुनी गाडी घेतली. ती डावीकडं ओढायला लागली तेव्हा ते भाच्याला न घेता एकटेच भिंगारला गेले. हवालदार शेडबाहेर आले, पण त्यांनी तोंड उघडायच्या आत मामा बोलायला लागले.

“पुढं, उजव्या चाकावर, देहऱ्याच्या गतिरोधकावर आपटलीय. जोरात. मागं काही नाही. म्हणजे मी घेतल्यापासून तरी काही नाही. त्याच्या आधीचं, ज्याच्याकडनं घेतली त्यालाच विचारावं लागंल.”

“मग विचारा की,” हवालदार म्हणाले. “लावा फोन. तोवर मी हवा बघतो.”