डावी कळ

सालेकसा तालुक्यात, दरेकसा रेल्वे स्टेशनापासून जवळच असलेल्या कचारगडावर माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. काली कंकालीची मुलं इथल्या गुहेत कोंडली गेली होती. हिरासुका पाटालीरने बाहेर किंगरी वाजवली, त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं आणि त्यांनी तोंडावरची शिळा ढकलली, अशी कथा सांगतात. पायथ्याच्या गावातल्या एका मुलाने याच कथेवर कॉम्प्युटरचा खेळ लिहिला. तो गोंदियाला शिकत होता. लॅपटॉप कॉलेजचा, घरी न्यायची सोय नव्हती. यात्रेत गावच्या पोरांना खेळ दाखवायचाच, म्हणून त्याने कुणाकडून तरी एक जुना रास्पबेरी पाय मागून आणला. 2012 साली इंग्लंडात निघालेला, एटीएम कार्डाएवढा हा कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो. मेमरी 256 एमबी, प्रोसेसर 700 मेगाहर्ट्झचा, आणि वीज मोबाइलच्या चार्जरची पुरते.

खेळ सुरू झाला. पण डावी कळ दाबली की पडद्यावरचा पोरगा डावीकडे जायचं सोडून उजव्या भिंतीवर जाऊन आदळायचा.

“डबीच एवढीशी. तिला झेपत नाही,” मुलगा म्हणाला. त्याने चित्रं लहान केली, रंग कमी केले. तरी तेच. शेवटी किंगरीचा आवाज काढून टाकला.

आजी शेजारीच बसली होती. “किंगरी नाही तर शिळा कशी हलेल रे?”

यंत्राला दोष देणं सोपं असतं. 1993 सालचा ‘डूम’ 4 एमबी मेमरीच्या पीसीवर चालत होता. 1997 मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला, तोही लिनक्ससाठीचा, आणि तेव्हापासून हौशी लोकांनी तो कसल्या कसल्या चिमुकल्या यंत्रांवर नेऊन चालवला. पहिल्या यंत्राने न मागता काय काय पुरवलं होतं ते शोधणं, हेच या कामातलं खरं कष्टाचं काम.

त्याची बहीण चौथीत होती. शाळेत ती तोंड उघडत नसे. गुरुजींनी तिला मंद ठरवून मागच्या रांगेत बसवलं होतं. ती मघापासून पडद्याकडे टक लावून बघत होती.

“दादा, तो उजवीकडे बरोबर चालतो. थकलेला नाही. डावीकडे जा म्हटलं की त्याला काहीतरी दुसरंच ऐकू येतं.”

मुलाने कोड उघडला. डावीकडचं पाऊल म्हणजे उणे एक, आणि ते त्याने ‘कॅरेक्टर’ प्रकारात ठेवलं होतं. लॅपटॉपच्या इंटेल प्रोसेसरवर त्या प्रकारात उणे संख्या चालते. या छोट्या कॉम्प्युटरच्या आर्म प्रोसेसरवर मात्र कंपायलर तोच प्रकार उण्याशिवाय धरतो, मग उणे एकचे होतात 255. पोरगा एका पावलात 255 पिक्सेल उजवीकडे फेकला जात होता. मुलाने त्या ओळीत ‘साइन्ड’ एवढं लिहिलं. चित्रं पुन्हा मोठी केली, रंग परत आणले, किंगरी लावली. पोरगा डावीकडे चालू लागला.

संध्याकाळी पोरांच्या घोळक्यामागे गुरुजीही उभे होते. काय बिघडलं होतं, त्यांनी विचारलं.

“यंत्र चांगलंच होतं, गुरुजी. उणे एक सगळीकडे सारखंच समजतं असं मी धरून चाललो होतो. हिने ओळखलं.”

गुरुजींनी मागच्या रांगेतल्या त्या मुलीकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, “तुम्ही घरी गोंडीच बोलता ना?”

“हो.”

“मला आकडे शिकव.”

यात्रा उलगली, शाळा भरली. गुरुजी वहीत बघत अडखळत म्हणाले, “उंदी, रंड, मूंद...” आणि वजाबाकी घातली. मुलगी उठली, फळ्यापाशी गेली, उत्तर लिहिलं आणि खडू हातातच ठेवून पुढच्या गणिताची वाट पाहत राहिली. गुरुजींनी तिला ते दिलं, आणि मागच्या रांगेतल्या उरलेल्या दोघांनाही नावं घेऊन पुढे बोलावलं.